"आमचं गाव आडबाजूला आहे, तिथं कोण येणार?" – स्कॉटलंडच्या एग बेटाचा हिशोब

होमस्टेवरचा कुठलाही व्हिडिओ टाकला की एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, जागा आहे, घर आहे, पण गाव आडबाजूला. रस्ता धड नाही, लाईट जाते, पावसात संपर्क तुटतो. तिथं कोण येणार?" या प्रश्नाला मी हल्ली एका बेटाचं नाव सांगतो. एग. उच्चार अगदी अंड्याच्या इंग्रजी शब्दासारखा. आज त्याच बेटाबद्दल सविस्तर लिहितोय, कारण व्हिडिओत दहा मिनिटांत हे बसत नाही.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यासमोर चार छोट्या बेटांचा एक गट आहे. रम, एग, मक आणि कॅना. (नावं वाचून कुणाला हॉटेलचं मेनू कार्ड आठवेल, पण ही खरंच बेटांची नावं आहेत.) त्यातलं एग साधारण नऊ किलोमीटर लांब आणि पाच किलोमीटर रुंद. राहणारी माणसं शंभर-सव्वाशे. पुण्यातल्या एका मोठ्या सोसायटीच्या एका विंगमध्ये यापेक्षा जास्त लोक असतात. दुकान एक, शाळा एक आणि तीही प्राथमिक. बँक नाही, हॉस्पिटल नाही, डॉक्टर शेजारच्या स्काय बेटावरून येतात. धक्क्यापासून पलीकडच्या वस्तीपर्यंत जाणारा एक अरुंद रस्ता, आणि त्यावर रस्त्याचे दिवे नाहीत.

आणि पोचायचं कसं? ग्लासगो शहरातून ट्रेन पकडायची. ती डोंगरातून, तळ्यांच्या काठाने पाच तासांच्या वर चालते आणि मॅलेग नावाच्या बंदराला सोडते. हॅरी पॉटरच्या सिनेमात ट्रेन ज्या कमानींच्या उंच पुलावरून जाते ना, तो ग्लेनफिनन पूल याच मार्गावर आहे. मॅलेगला उतरून बोट, साधारण सव्वा तास. पाहुण्याला स्वतःची गाडी बेटावर नेता येत नाही. बोटीची वेळ रोज एकसारखी नसते, हिवाळ्यात फेऱ्या कमी होतात आणि समुद्र खवळला की फेरी रद्द.

म्हणजे आपल्या विद्यार्थ्याच्या यादीतल्या सगळ्या अडचणी इथं आहेत, वर दोन-चार जास्तच. तरीही उन्हाळ्यात तिथं राहायला जायचं असेल तर लोक कितीतरी आधी बुकिंग करतात. हे कसं झालं ते समजून घ्यायचं तर सुरुवात निसर्गापासून नाही करता येत. सुरुवात सातबाऱ्यापासून करावी लागते. तिथं सातबारा नाही, पण मुद्दा तोच.

आधी कागद, मग पाहुणा

एग बेट कित्येक पिढ्या खाजगी मालकीचं होतं. संपूर्ण बेट, एका माणसाच्या नावावर. मालक बदलायचे, बेट विकलं जायचं, आणि त्याच्यासोबत त्यावरच्या लोकांचं नशीबही. १८४१ च्या सुमारास इथं पाचशेच्या वर माणसं होती. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर मेंढ्यांसाठी जमीन मोकळी करण्याची जी लाट आली, तिच्यात इथल्याही वस्त्या उठल्या. नंतर नोकरी-धंद्यासाठी लोक जातच राहिले. विसाव्या शतकाच्या शेवटाला इथं साठ-पासष्ट माणसं उरली होती.

आता इथे नीट लक्ष द्या. छोट्या शेतीपट्ट्यांवरच्या शेतकऱ्यांना, त्यांना तिथं क्रॉफ्टर म्हणतात, १८८६ च्या कायद्याने कुळाचं संरक्षण मिळालेलं होतं. भाडं भरलं तर त्यांना हाकलता येत नव्हतं. पण बेटावरचे बाकीचे लोक मालकाच्या घरांत राहायचे, आणि त्यांच्यातल्या अनेकांकडे लांब मुदतीचा करारच नव्हता. १९७५ ला कीथ शेलनबर्ग नावाच्या श्रीमंत उद्योजकाने बेट विकत घेतलं. रहिवाशांची मोठी तक्रार हीच होती की राहत्या घराची हमी नाही आणि घरांची दुरुस्ती होत नाही. भांडण इतकं विकोपाला गेलं की १९९४ ला मालकाची जुनी रोल्स रॉइस गाडी एका रात्री जळून खाक झाली. १९९५ ला बेट एका जर्मन चित्रकाराने घेतलं आणि पुढच्याच वर्षी ते पुन्हा बाजारात आलं.

तुम्ही त्या घरात राहत असता तर काय केलं असतं? छप्पर गळतंय. स्वतःच्या खिशातून दुरुस्त करायचं, पाहुण्यांसाठी एक खोली काढायची, बाथरूम नवीन करायचं, आणि उद्या नवा मालक म्हणाला "घर खाली करा", तर? कुणीही शहाणा माणूस अशा घरात पैसा घालणार नाही. मेहनत करायची तयारी होती, देखणा निसर्ग होता, येणारे प्रवासी होते. तरी धंदा उभा राहत नव्हता, कारण पायाखालची जमीन आपली नव्हती.

मग रहिवाशांनी बेटच विकत घ्यायचं ठरवलं. रहिवासी संघटना, हायलँड कौन्सिल म्हणजे तिथली स्थानिक सरकारी संस्था, आणि स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्ट ही निसर्ग संस्था, अशा तिघांनी मिळून एक ट्रस्ट स्थापन केला. किंमत साधारण पंधरा लाख पौंड. हजारो सामान्य लोकांनी देणगी पाठवली आणि रकमेचा फार मोठा भाग एका महिलेने दिला, जिने आपलं नाव गुप्त ठेवलं. १२ जून १९९७ ला बेट ट्रस्टच्या ताब्यात आलं. दरवर्षी जूनमध्ये त्या दिवसाच्या आठवणीला रात्रभर गाणं-नाचणं असतं.

आणि ट्रस्टने पहिली कामं कोणती केली? जाहिरात नाही, लोगो नाही, "एग महोत्सव" नाही. लोकांना दीर्घ मुदतीचे भाडेकरार दिले. गळकी घरं दुरुस्त करायला घेतली. आणि धक्क्याजवळ एक साधी इमारत बांधली, जिच्यात दुकान, चहाचं हॉटेल, स्थानिक वस्तूंचं छोटं दुकान आणि प्रवाशांसाठी शौचालय आणि अंघोळीची सोय आली. बोटीतून उतरलेल्या माणसाला पहिली गरज कशाची असते, त्याचा विचार करून केलेली बांधणी. शौचालयाच्या ठिकाणी मी पाच मिनिटं जास्त थांबलो असतो, वर्गात असतो तर. आपल्याकडे लोक आधी सेल्फी पॉइंट बांधतात.

करार हातात आल्यावर लोकांनी स्वतःचा पैसा काढला. कुणी खोली काढली, कुणी टेकडीवर लाकडी झोपडी उभी केली, कुणी सायकली आणल्या. बाहेर गेलेली तरुण मुलं परत आली, नवी कुटुंबं आली, आणि पासष्टवरून आकडा शंभराच्या वर गेला. तुम्ही भाड्याच्या जागेत किंवा काकांच्या नावावरच्या वाडीत होमस्टे काढायचा विचार करत असाल, तर पलंग-गाद्यांचं कोटेशन मागवण्याआधी करार नोंदवून घ्या. काका चांगलेच असतात. काकांची मुलं वेगळी असू शकतात.

पाच किलोवॅटमध्ये घर

दुसरी गोष्ट लाईटची. मला एगबद्दल सगळ्यात जास्त आवडणारी.

मुख्य भूमीवरून बेटापर्यंत वीज आणायची तर समुद्रातून केबल टाकावी लागली असती, आणि खर्च परवडण्यापलीकडचा होता. म्हणून २००८ पर्यंत बहुतेक घरांत आपापला डिझेल जनरेटर. आवाज, धूर, डिझेलचे ड्रम बोटीतून आणायचे, आणि रात्री मशीन बंद केलं की अंधार. पाहुण्याला तुम्ही शांततेसाठी बोलावताय आणि खिडकीखाली जनरेटर धडधडतोय!

फेब्रुवारी २००८ ला बेटाने स्वतःची वीज सुरू केली. ओढ्यांवर तीन जलविद्युत संच, त्यातला मोठा शंभर किलोवॅटचा. चार छोट्या पवनचक्क्या. सौर पॅनेल. एक बॅटरी बँक, आणि सगळंच कमी पडलं तर मागे दोन डिझेल जनरेटर. हिवाळ्यात पाऊस आणि वारा भरपूर, तेव्हा पाणी आणि पवनचक्क्या काम करतात. उन्हाळ्यात ओढे आटतात, तेव्हा ऊन असतं. एकाचा मंद हंगाम तो दुसऱ्याचा तेजीचा. बेटाची बहुतेक वीज अशी नैसर्गिक स्रोतांतून येते, आणि देखभाल बेटावरचीच प्रशिक्षण घेतलेली माणसं करतात. बोट चुकली म्हणून वायरमन आला नाही, ही भानगडच नाही.

पण वीज मर्यादित आहे. मग वाटायची कशी? त्यांनी सरळ नियम केला. घराला एकाच वेळी ५ किलोवॅट, व्यवसायाला १० किलोवॅट. श्रीमंत असो की गरीब, मर्यादा सारखीच. ओलांडलीत तर तुमची लाईट जाते आणि फी भरून ती पुन्हा चालू करून घ्यावी लागते.

पाच किलोवॅट म्हणजे किती, ते आपल्या घरात मोजा. गीझर दोन किलोवॅट. इंडक्शन शेगडी दोन. दीड टनाचा एसी साधारण दीड. तिन्ही एकदम चालू केलेत की संपलं. तिकडची पाणी उकळायची किटली एकटीच तीन किलोवॅटपर्यंत घेते. म्हणून तिथल्या घरात माणूस विचार करतो, वॉशिंग मशीन चालू आहे तर किटली थांबव. घर गरम ठेवायला बहुतेकांकडे लाकडाच्या शेगड्या आहेत, स्वयंपाकाला गॅसचे सिलिंडर.

आणि जेव्हा पाऊस-वारा जोरात असतो, वीज उरते, तेव्हा? ती वाया घालवत नाहीत. सार्वजनिक सभागृहासारख्या जागांमधले हीटर आपोआप चालू होतात. उलट तुटवडा असला की सगळ्यांना निरोप जातो, आज जपून वापरा.

यात धंद्याचा मुद्दा असा की पाहुण्यालाही हे आधी सांगितलं जातं. "इथं वीज आम्हीच बनवतो, हेअर ड्रायर आणि किटली एकत्र लावू नका." शहरातल्या माणसाला यात कमीपणा वाटत नाही. तो घरी गेल्यावर हीच गोष्ट चार लोकांना सांगतो. पण हेच न सांगता रात्री आठ वाजता लाईट गेली असती तर त्याने एक स्टार दिला असता. अडचण तीच. बुकिंगआधी सांगितली तर ती माहिती असते, नंतर कळली तर ती फसवणूक वाटते. माझ्या दुकानातही हेच चालतं. "ही बरणी झाकणाला थोडी घट्ट आहे" असं मी आधीच म्हटलं तर गिऱ्हाईक घेऊन जातं, घरी कळलं तर परत घेऊन येतं.

बोटीचं वेळापत्रक म्हणजेच बुकिंगचं कॅलेंडर

२००४ पर्यंत एगला मोठी बोट लागेल असा धक्काच नव्हता. मोठी बोट खोल पाण्यात थांबायची, छोटी होडी तिच्या बाजूला जायची, आणि माणसं, गोण्या, पत्र्याच्या पेट्या, सगळं त्या होडीत उतरवायचं. नवा धक्का झाल्यावर बोट थेट लागते. तरी वाऱ्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

तिथं धंदा करणाऱ्याला म्हणून दोन पत्रकं समोर ठेवावी लागतात, बोटीचं आणि बुकिंगचं. ज्या दिवशी बोट नाही त्या दिवशी पाहुणा येऊ शकत नाही आणि जाऊही शकत नाही. मग "एक रात्र" विकण्यात अर्थ राहत नाही. दोन-तीन रात्रींची किमान अट यातूनच येते. यात खर्चाचंही गणित आहे, ते आकड्यात दाखवतो. आकडे माझे, शिकवण्यासाठी धरलेले.

समजा खोलीचा दर रात्रीचे ६० पौंड. पाहुणा बदलला की साफसफाई, चादरी धुणं, लाकडं भरणं, धक्क्यावरून आणणं, असे मिळून ३० पौंड लागतात. एक रात्रीचा पाहुणा: ६० मधून ३० गेले, हातात ३०. तीन रात्रींचा पाहुणा: १८० मधून ३० गेले, हातात १५०, म्हणजे रात्रीला ५०. दर तोच, खोली तीच, कमाई जवळपास पावणेदोनपट. आणि चादरी वाळवायला ऊन लागतं, जे स्कॉटलंडमध्ये मागून मिळत नाही. आपल्या कोकणात जुलैत होमस्टे चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

फेरी रद्द झाली तर? आतला पाहुणा अडकला आणि बाहेरचा मॅलेगला थांबला. अशा वेळी कुणाचे पैसे परत, कुणाला पुढची तारीख, अडकलेल्याने जादा रात्रीचे द्यायचे की नाही, हे सगळं बुकिंगच्या वेळीच लेखी असावं लागतं. वादळात नियम बनवायला बसलात की दोन्हीकडून शिव्या. किराणा मालाचंही तसंच. दुकान आहे, पण दुकानातलं सामानही बोटीतूनच येतं. म्हणून पाहुण्यांनी काही सामान मॅलेगहून घेऊन येणं शहाणपणाचं.

लोक बघायला काय येतात

एगच्या दक्षिण टोकाला अन स्गूर नावाचा कडा आहे, ३९३ मीटर उंच. ज्वालामुखीच्या काळ्या, काचेसारख्या दगडाची भिंतच, समुद्रातून जहाजाच्या नाळेसारखी वर आलेली दिसते. सह्याद्री बघितलेल्या माणसाला उंची किरकोळ वाटेल, पण माथ्यावरून चारी बाजूंना समुद्र आणि बेटं दिसतात. पलीकडे क्लीडेल नावाची वस्ती, मागे कड्यांची रांग, पुढे लेगचा किनारा आणि समोर पाण्यापलीकडे रम बेटाचे डोंगर. सूर्य त्या डोंगरांच्या बाजूला मावळतो. तिथून थोडं उत्तरेला "गाणारी वाळू" आहे. पांढऱ्या गारगोटीच्या कणांची वाळू, कोरडी असताना पायाखाली चिरचिरते. ओली झाली की गप्प.

मे महिन्यात झाडीत निळ्या घंटीसारख्या फुलांचा गालिचा असतो. उन्हाळ्यात समुद्रात मिंक देवमासे, डॉल्फिन, कधी बास्किंग शार्क. हा प्रचंड मासा असला तरी तोंड उघडं ठेवून पाण्यातले बारीक जीव गाळून खातो, माणसाला त्याची भीती नाही. किनाऱ्यावर पाणमांजरं, आभाळात सोनेरी गरुड. समोरच्या रम बेटावर मँक्स शिअरवॉटर या समुद्रपक्ष्यांची जगातली फार मोठी वसाहत आहे, त्यांचे थवे एगच्या आसपासच्या पाण्यावर दिसतात. पांढऱ्या शेपटीचा समुद्र गरुड ब्रिटनमधून विसाव्या शतकात नामशेष झाला होता. १९७५ पासून नॉर्वेहून पिल्लं आणून याच रम बेटावर ती सोडायला सुरुवात झाली. आज तो गरुड बघायला लोक पैसे मोजून बोटीत बसतात.

जूनमध्ये रात्री साडेदहाला उजेड असतो. डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आधी अंधार. आणि उन्हाळ्यात मिजेस, म्हणजे चिलटांसारखे बारीक चावरे किडे, संध्याकाळी वारा पडला की ढगासारखे येतात. जाळीची टोपी विकणाऱ्याचा तिथं चांगला धंदा होतो.

एक जागा मात्र जपून दाखवावी लागते. दक्षिण किनाऱ्यावर एक अरुंद तोंडाची गुहा आहे. परंपरेप्रमाणे १५७७ ला मॅक्लाउड टोळीच्या हल्ल्यापासून लपलेले इथले जवळपास सगळे मॅक्डोनाल्ड, चारशेच्या आसपास माणसं, या गुहेत कोंडली गेली आणि तोंडाशी पेटवलेल्या आगीच्या धुराने मेली. १८१४ ला लेखक वॉल्टर स्कॉट आला तेव्हा आत हाडं होती, तो एक कवटी घेऊनही गेला. आता ते बेटाच्या नकाशावर आहे, पण तिथं ना तिकीट आहे, ना भुताटकीचा शो. मला हे पटतं. आपल्या गावातल्या प्रत्येक जागेचं पॅकेज करायचं नसतं.

राहायची सोय, आणि एका माणसाची चार कामं

एगवर मोठं हॉटेल नाही. काय आहे ते बघा: घरातल्या खोल्या, एक वसतिगृह, स्वतः रांधून खायचे कॉटेज, लाकडी पॉड, युर्ट म्हणजे गोल तंबू, आणि बॉथी. बॉथी हा मूळचा मेंढपाळांचा किंवा शेतमजुरांचा साधा निवारा. एगवरची स्वीनीज बॉथी ही कलाकारांना राहून काम करता यावं म्हणून बांधलेली एक खोलीची लाकडी झोपडी आहे. शेगडी, पलंग, टेबल, खिडकीतून समुद्र आणि अंघोळीची जागा उघड्यावर. ज्याला हॉटेल म्हणून शून्य मार्क मिळतील, तीच जागा योग्य माणसाला हवी असते. स्वतःचा तंबूही लावता येतो. २००३ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने फिरायचा आणि तंबू टाकायचा हक्क सगळ्यांना आहे.

फुकट तंबू लागतो म्हणून खोल्यांचा धंदा बुडत नाही, हे बऱ्याच जणांना पटत नाही. तंबूवाला चहा पितो, सायकल घेतो, दुकानातून पाव घेतो, आणि दोन रात्री पावसात भिजल्यावर पॉडची चौकशी करतो.

आणखी एक. अशा बेटावर केवळ पाहुण्यांवर कुणी पोट भरत नाही. खोल्या देणारी व्यक्ती मेंढ्याही पाळते, बोट आली की दोर पकडायला धक्क्यावर असते, कुणी टपाल वाटतं, कुणी टॅक्सी चालवतं, कुणी विजेचं काम बघतं. बेटावर एक रेकॉर्ड कंपनीही आहे, लॉस्ट मॅप नावाची, पिक्टिश ट्रेल या नावाने गाणारा संगीतकार ती चालवतो, आणि तिच्या कार्यक्रमांना लोक बोटीने येतात. पाहुणा एकाकडे झोपतो, चहा दुसऱ्याकडे पितो, सायकल तिसऱ्याची घेतो, डोंगर-किनाऱ्याची माहिती निसर्ग संस्थेच्या रेंजरकडून घेतो. सगळं मीच देणार, नाश्ता मीच, गाडी मीच, गाइड मीच, हा हट्ट तिथं परवडत नाही. सहा महिन्यांच्या हंगामात एका घराला तेवढे हातच नसतात.

परवान्याचंही सांगून टाकतो, कारण "तिकडे सगळं सोपं असेल" असा समज असतो. स्कॉटलंडमध्ये थोड्या दिवसांसाठी घर किंवा खोली भाड्याने देणाऱ्याला आता स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतोच. नव्या लोकांना ऑक्टोबर २०२२ पासून, आणि १ जानेवारी २०२५ पासून सगळ्यांना. धुराचे अलार्म, वायरिंगची तपासणी, गॅसची तपासणी, पाण्यात जंतू होऊ नयेत म्हणून काळजी, विमा. खोली एक असली तरी यादी हीच. आणि तपासणीला येणारा माणूसही बोटीनेच येणार. आपल्याकडे पर्यटन विभागाची न्याहारी-निवास योजना आहे, तिची नोंदणी करायलाही अनेक जण टाळाटाळ करतात. तपासणी झालेली जागा म्हणून पाहुण्याला दाखवायला तो कागद उपयोगी पडतो, एवढं लक्षात ठेवा.

घर पाहुण्याला की शेजाऱ्याला?

आता जो प्रश्न एगवर आणि आसपासच्या बेटांवर खरंच पेटलेला असतो, तो. बेटावर घरं मोजकी. एखादं रिकामं घर पर्यटकाला दिलं तर उन्हाळ्यात आठवड्याला चांगली रक्कम मिळते. तेच घर वर्षभर एका कुटुंबाला दिलं तर भाडं कमी. धंदा म्हणून बघितलं तर उत्तर सरळ वाटतं. पण ते कुटुंब आलं नाही तर शाळेत दोन मुलं कमी. प्राथमिक शाळेत मुलंच मूठभर असतील तर दोन म्हणजे फार झाली. शाळा बंद पडली की पुढचं तरुण जोडपं येणार नाही. मग बोटीचा दोर कोण पकडणार, जलविद्युत संचाची जाळी कोण साफ करणार, चादरी कोण धुणार? हेब्रिडीज बेटांवर आणि स्काय बेटावर ही झळ बऱ्याच वस्त्यांना बसलीय. उन्हाळ्यात दिवे, हिवाळ्यात बंद खिडक्या.

एगवर जमीन ट्रस्टची असल्यामुळे हा निर्णय एकट्या घरमालकाचा राहत नाही, सगळ्यांसमोर चर्चा होते. चर्चा म्हणजे भांडणंही होतात, शंभर माणसांत कुणालाच तोंड चुकवता येत नाही. पण त्यातून निघालेला एक मार्ग मला फार व्यवहारी वाटतो. पाहुण्यांसाठी पॉड, बॉथी, तंबू अशा मुद्दाम बांधलेल्या छोट्या जागा, ज्यांत एरवी कुटुंब राहूच शकलं नसतं. आणि पक्की घरं शक्यतो राहणाऱ्यांसाठी. छोट्या पॉडला भांडवल कमी, वीज कमी, साफसफाईला वेळ कमी. हिवाळ्यात बंद ठेवला तरी कुणाचं घर अडत नाही.

प्राथमिक शाळा संपली की एगची मुलं मॅलेगच्या हायस्कूलला जातात आणि तिथल्या वसतिगृहात राहतात. बोट आणि हवामान जमेल तसं शनिवार-रविवारी घरी येतात. त्याच बोटीत पाठीवर सॅक घेतलेले पाहुणे असतात, दुकानाचं सामान असतं, गॅसचे सिलिंडर असतात. धक्क्यावर दोर पकडायला जो उभा असतो, त्याचं पोरही कदाचित त्याच बोटीतून उतरत असतं, आणि त्याच्या पॉडचा पाहुणासुद्धा.